सुखलालदादांच्या पायाचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आईपुढे माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला सांगते.

जबलपूरला एका मोठ्या वसाहतीच्या बागा मी सांभाळते. झाडं जुनी, उंच. वाळक्या फांद्या वेळेवर उतरवल्या नाहीत तर कुणाच्या तरी डोक्यात पडायच्या. त्या उतरवायचे सुखलालदादा. मझौलीकडचे, पन्नाशी उलटलेले. कमरेला दोर, हातात आरी, आणि पाय अनवाणी. उजव्या पायाचा अंगठा खोडात असा रोवायचे की वाटावं, झाडानंच त्यांना धरून ठेवलंय. मला ‘बिटिया’ म्हणायचे. खाली उतरले की खिशातून शेंड्यावरची चिंच काढून द्यायचे. कागदोपत्री मी त्यांची अधिकारी; खरं तर त्यांची लाडकी होते.

मग झाडावर चढणाऱ्यांना बूट सक्तीचे झाले, आणि निवड माझ्याकडे आली. काय ती माझी ऐट! सगळ्यांना चिंचेखाली उभं करून भाषण ठोकलं — माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. जाड मोजे घालून घ्यायचं. चालताना टाच उचलता कामा नये, उतारावर बोटं पुढे आपटता कामा नयेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

टेप घेऊन मी वाकले, तर सुखलालदादा दोन पावलं मागे सरकले. आपल्या घरांत मुली मोठ्यांच्या पाया पडतात. इकडे उलटं, मुलीचा हात पायाला लागला तर पाप. “बिटिया से पाँव नहीं छुआते.” पण मला अडचण नको, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून वर्तमानपत्रावर दोन्ही पाय कोळशानं आखून आणले. कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

आणि मी — ती घडी उघडलीच नाही. डायरीत ठेवली. यादी पाठवायच्या दिवशी घाई होती... घाई कसली? आळस. त्यांच्या चपलेवरचा आकडा आठवत होता, आठ. तोच लिहिला. त्या चपलेतून त्यांची बोटं बाहेर यायची, हे मला रोज दिसत नव्हतं का? ‘प्रत्यक्ष माप घेतले’ असं छापलं होतं, त्याच्यापुढे बरोबरची खूणही केली.

बूट आले. सुखलालदादा उतारावर चार पावलं चालले, ओठ आवळले, मग हसले. “बढ़िया है बिटिया.” ते आवळलेले ओठ मी पाहिले. पण बूट परत करायचे म्हणजे साहेबांपुढे कबूल करायचं, की माप घेतलंच नव्हतं. मी म्हणाले, वापरून सैल होतील. चामडं सैल होतं हो — पण त्या बुटांत बोटांवर लोखंडी टोपी असते. लोखंड सैल होत नाही, हेही मीच भाषणात सांगितलं होतं.

आठवड्यानं सिरसाच्या झाडावर त्यांची बोटं बधिर झाली. त्यांनी वरच बूट काढून फांदीला अडकवले. मग आरी निसटली आणि उघड्या पायावर आली. उजवा अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. झाडावर चढणंच संपलं.

चौकशीत मी एकच वाक्य बोलले: बूट दिले होते, त्यांनी वर जाऊन काढले. त्यात खोटं काय होतं? एक शब्दही नाही. आणि तरी सगळं खोटं. उभ्या जन्मात एकदाही न घसरलेल्या माणसाच्या नावापुढे ‘निष्काळजी’ लिहिलं गेलं, आणि मी तिथे बसून होते. घरी आई विचारायची, “काहून गप्प गप्प बसून राहिली तू?” डोकं दुखतंय, म्हणायचे.

कागद उघडला तो त्यानंतर. त्यावर बूट ठेवून पाहिला — अंगठ्याकडची कोळशाची रेघ बुटाच्या बाहेर. कोपऱ्यात कुणाकडून तरी लिहून घेतलेली ओळ होती: ‘अँगूठा ज़रा चौड़ा है, बिटिया देख लेना.’

आता सुखलालदादा रोपवाटिकेत पिशव्या भरतात. चिंचा अजून आणून देतात, खाली पडलेल्या वेचून. मी घेते. खातेसुद्धा. त्यांच्यावर माझा फार जीव आहे; तेव्हाही होता, आणि तरीही मी ते केलं.

हल्ली प्रत्येकाचं माप मी स्वतः खाली बसून घेते. परवा एक नवा गडी लाजून पाय मागे घ्यायला लागला. सुखलालदादा शेजारीच माती चाळत होते. हसून त्याला म्हणाले, “नपवा लो भैया, मैडम नाप में कभी नहीं चूकतीं. वो तो हमारा ही पाँव बेडौल था.”

टेप माझ्या हातात होती. मी मान खाली घालून आकडा लिहिला.