सराटा, नाव आणि सोयरीक

आमच्या बाबांनी नाव बनवून घेतली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून. आता वऱ्हाडात नाव बनवणारा माणूस शोधायचा तरी कुठं? वेल्डरनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, बाबांनीही नाही. दोघांनी मिळून चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आकार काढला आणि चार दिवसांत एक लोखंडी वस्तू तयार झाली. ती तरंगली, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वेल्डरलाच वाटलं. सवयीनं त्यानं मागच्या बाजूला लाल रेडियमची पट्टीसुद्धा चिकटवून दिली होती.

नाव लागायचं कारण म्हणजे आमचा संत्र्याचा बगीचा. धरण भरलं की पाणी आमच्या गावाच्या आणि बगीच्याच्या मध्ये येतं. उन्हाळ्यात चालत जाता येतं, पण पावसाळ्यानंतर रस्त्यानं जायचं म्हणजे मोठा फेरा. नावेनं मात्र वीस मिनिटं. एकदा तर बाबांनी शेंदूरजनाघाटच्या व्यापाऱ्यालाही नावेत बसवून बगीचा दाखवायला नेलं. त्यानं सौदा केला, पण परत येताना म्हणाला, "मी रस्त्यानं येतो, तुमी व्हा पुढं."

त्या नावेची देखभाल कशी करायची, यावरून आमच्या घरात दोन पक्ष होते.

बाबांचा पक्ष पोळ्याचा. कास्तकार माणूस, त्यांना जनावरांची निगा माहीत. त्यांच्या लेखी नाव म्हणजे तिसरा बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाली की उरलेलं हळद-तूप घेऊन बाबा काठावर जायचे, नावेचं नाक चोळायचे आणि बैलांना म्हणतात तसंच तिलाही म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी तिला रंग, फुगे, घुंगरं, आणि नाकावर पुरणपोळीचा तुकडा. बैलाच्या शिंगांना रंग लावला की तो कसा तरणाबांड दिसतो! नावेलाही रंग लावला की झाली ती ठणठणीत. वर्षाचं काम संपलं.

मायचा पक्ष शनिवारचा. मायला नावेतलं काही कळत नव्हतं, पण माठातलं कळत होतं. अंजनगावच्या बाजारात ती माठ घ्यायला बसली की कुंभार हात जोडायचा. दहा माठ टिचकीनं वाजवायची, एक घ्यायची. तीच रीत तिनं नावेला लावली. दर शनिवारी सराटा, म्हणजे आमचं पोळी-भाजीचं लोखंडी उलथणं, घेऊन निघायची आणि नावेचा एकेक पत्रा वाजवायची. टण म्हणजे चांगला. भद म्हणजे आतून गंज खाऊन गेला. भद आलं की वेल्डर. मला तिनं दहावीतच ही विद्या दिली होती, आणि मी कॉलेजातून घरी आले की शनिवारचं हे काम माझ्याकडं असायचं. बाबा ओट्यावरून ओरडायचे, "झाली काय व तुमची भजनं?"

मग आला तो रविवार. पोळा होऊन दोनच दिवस झाले होते आणि अकोल्याचे पाहुणे मला पाहायला येणार होते. आता खरं सांगते, मुलगा मला चांगला माहीत होता. अकोल्याला कॉलेजात तीन वर्षं आम्ही मागच्या-पुढच्या बाकांवर काढली होती. हे त्याला माहीत, मला माहीत आणि घरच्यांपैकी कुणालाच माहीत नाही. ही सोयरीक मोडली तर दुसरी मी करणार नव्हते. इतकं सगळं त्या एका सकाळीवर टांगलेलं होतं, आणि मी नवी साडी सावरत ट्रेमधून कप न सांडता चालायची प्रॅक्टिस करून राहिले होते.

चहा-पोहे नीट झाले. मुलगा माझ्याकडं असा अनोळखी चेहरा करून पाहत होता की मला हसू आवरेना. त्याचे वडील खूश दिसले. त्याची आई मात्र एक शब्द बोलत नव्हती. भारदस्त बाई. पोहे खाल्ले, ताट बाजूला ठेवलं आणि भिंतीकडं पाहत बसली.

तेवढ्यात बाबा उठले. "चला, बगीचा दाखवतो. नावेनं जाऊ!"

घर झाडणं, अनारसे, पडदे या सगळ्या गडबडीत कालचा शनिवार सुटला होता. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सराटा माझ्या हातात कोंबला. मी तो पदराखाली लपवला.

काठावर नाव काय दिसत होती! निळी, पिवळी, नाकावर लाल गंध, घुंगरं तशीच बांधलेली. पाहुणे बसले. त्याची आई मधल्या फळीवर बसली तशी नाव दोन बोटं खाली गेली. मी काठावर उभी. वाजवावं तर बाबांचं नाक कापलं जाणार, आणि पाहुणे म्हणणार, पोरीच्या डोक्यावर परिणाम हाये. नाही वाजवावं तर... बाबांनी बांबू उचलला.

"थांबा!" मी किंचाळलेच. साडी खोचली, धपकन नावेत उतरले आणि पाहुण्यांच्या पायांमधून पत्रे वाजवत सुटले. टण. टण. टण.

"काय करून राहिली व तू?" बाबा दातओठ खात म्हणाले. मुलाचे वडील आ वासून पाहत होते. मुलगा धरणाकडं पाहत होता, जणू तो कुणा दुसऱ्याच घरातून आला होता.

मी त्याच्या आईपाशी पोचले. "काकू, पाय जरा वर घेता?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, सराट्याकडं पाहिलं आणि दोन्ही पाय वर उचलले.

भद.

मी पुन्हा जरा जोरात मारलं आणि सराटा अर्धा खाली गेला. ओढून काढला तर तिथून वीतभर कारंजं उडालं! बाबांनी भोकात लांबी भरली होती, सुतार लाकडाच्या फटीत भरतात ती, आणि वरून निळ्या रंगाचे दोन हात. मुलाचे वडील उडी मारून चिखलात उतरले. मुलगा त्यांच्या मागं. घुंगरं वाजत राहिली.

काकू मात्र तशाच बसून होत्या, पाय वर, कारंजाकडं पाहत. आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोहता कोणाले येते?"

मुलगा मला कॉलेजात सांगायचा की त्यानं विहिरीत सूर मारले आहेत. तो आता खाली पाहत होता. काकूंनी बाबांकडं पाहिलं.

"मले... नाई येत," बाबा म्हणाले.

सहा वर्षं! सहा वर्षं हा माणूस रोज दोनदा ते पाणी ओलांडत होता, एकटा, डोक्यावर शेला बांधून, गाणी म्हणत. आम्ही धरूनच चाललो होतो की त्यांना येतं. पाहुणे, सोयरीक, साडी, सगळं विसरले मी. "बाबा, तुमाले काही झालं असतं मंग?" एवढंच म्हटलं आणि तिथंच, घोटाभर पाण्यात उभी राहून, भोकाड पसरलं. बाबा बांबू धरून उभे राहिले. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"चला, रस्त्यानं जाऊ," काकू खाली उतरत म्हणाल्या. "बगीचा तर पाहाच लागते."

मग काय, सगळी वरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॉली म्हणजे नावेची सख्खी बहीण, त्याच वेल्डरची. चिखल माखलेले व्याही, लाल डोळ्यांची नवरी, खड्ड्याखड्ड्याला सगळे एकमेकांवर. आधी मुलाचे वडील हसले, मग मी, मग सगळेच, पोट दुखेपर्यंत. काकूंनी माझ्याकडं हात पुढं केला. मी सराटा दिला. त्यांनी ट्रॉलीचा पत्रा वाजवला. टण. कान देऊन ऐकलं, सराटा परत माझ्या हातात ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी आमाले पसंत हाये."

आता मी अकोल्यात राहते. नावेत एक फुगवलेली ट्रॅक्टरची ट्यूब कायमची आली आहे. आणि मायचे गुडघे गेल्यापासून शनिवारचं काम बाबांवर आलं आहे. सकाळी सातला फोन वाजतो. बाबा नावेत मोबाइल ठेवतात आणि सराट्यानं वाजवतात, मी इकडं कणीक मळत ऐकते. टण. "पुढं." टण. "पुढं." सासूबाई चहा घेऊन शेजारी बसतात, त्यांना हा कार्यक्रम चुकलेला चालत नाही.

मागच्या शनिवारी बाबा घाईत होते. संत्र्याची तोड सुरू झालेली, मजूर येऊन थांबलेले. टण. टण. टण. टण. चारही आवाज सारखे. सासूबाईंनी कप खाली ठेवला. मीही मळणं थांबवलं.

"बाबा, तुमी एकच पत्रा चारदा वाजवून राहिले."

पलीकडं नाव हलल्याचा आवाज, बाबा वाकल्याचा, त्यांचा श्वास. आणि मग, अगदी हळू, भद.

"ऐकू आलं काय व?" बाबांनी विचारलं.

"आलं."

"बरं," बाबा म्हणाले. "मंग आज रस्त्यानं जातो."