मागून आलेली हाक

आधी मूठ, मग नमस्कार. दुकानात शिरला की तो काउंटरवर मूठ आपटायचा आणि ओरडायचा, "लास्ट प्राइस!" अजून त्याने कापडाकडे पाहिलेलंही नसायचं. पहिल्याच भेटीत माझ्या काउंटरची काच तडकली. मी कात्री उचलली. तो लालबुंद होऊन हसला आणि म्हणाला, "चल, तुझ्याशी जमेल माझं."

बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत माझं कापडाचं दुकान. राजापूरहून आलो तेव्हा याच गल्लीत मी पाठीवर तागे वाहिले. दुकान उभं राहिलं ते नुसत्या जिभेच्या जोरावर. हा आयर्लंडचा, जनाबियाला राहणारा, एका वर्कशॉपचा फोरमन. सांगाल तो भाव हसत देणारे गोरे साहेब तुम्हीही पाहिले असतील. हा तसला नव्हता. अदलियातल्या हॉटेलात त्याने स्वतःच्याच एका देशबांधवाचं नाक फोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच घेऊन माझ्याकडे आला. "याच्या शर्टावर रक्त सांडलंय. नवा शर्ट माझ्याकडून." रंग निवडताना दोघांची पुन्हा जुंपली. मी दोघांना बाहेर काढलं, पण कापड गळ्यात मारून.

संध्याकाळी तो स्टूल ओढून माझे सौदे बघत बसायचा. आमच्या बाजाराची रीत अशी की भाव जमला नाही तर गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागतं. दुकानदार त्याला जाऊ देतो आणि मग हाक मारतो. हाक आली की सौदा झाला. त्याला हे बघवायचं नाही. "अरे, तो गेला ना! बोलाव त्याला, गाढवा!" असं तोच ओरडायचा आणि माझा भाव पाडायचा. त्यावरून आम्ही कितीदा भांडलो असू. पण रीत त्याला माहीत होती. हे लक्षात ठेवा.

एका उन्हाळ्यात तो आला आणि गुपचूप बसला. मला वाटलं आजारी आहे.

"माझ्या गावाला चल," तो म्हणाला. "माझं शेत घे."

बाप वारला तेव्हा शेत थोरल्या भावाला गेलं होतं. बापाला पुरलं त्याच दिवशी, कबरीच्या कडेला, दोघे भाऊ एकमेकांच्या नरड्याला भिडले. आता भाऊ शेत विकत होता. कोणालाही, फक्त याला नाही. याला तर त्या शेताशिवाय दुसरं काही नकोच होतं. बहरीनच्या उन्हात इतकी वर्षं भाजून घेतली ती तिथे जाऊन राहायला. मी परका म्हणून त्याच्या पैशाने घ्यायचं आणि मग त्याच्या नावावर करायचं, असा बेत.

"मीच का?"

"तुझ्याएवढा चिवट हरामखोर मला दुसरा भेटला नाही."

मला ते कौतुकच वाटलं. मी गेलो.

तिकडे मी झालो सुट्टीवर आलेला इंडियन डॉक्टर, ज्याला खेड्यात घर बांधायचंय. कोणाला संशय नको म्हणून आधी त्याने मला प्रेक्षणीय स्थळं दाखवली. समुद्रावरचा उंच कडा दाखवला. "इथे मी भावाचे दोन दात पाडले." पडकं चर्च दाखवलं. "इथे त्याने माझा हात मोडला." मग एक पवित्र झरा होता. त्याच्यावरच्या काटेरी झाडाला लोकांनी चिंध्या बांधलेल्या, आपल्याकडे दर्ग्याला बांधतात तशाच.

"इथे कोणाला मारलंस?" मी विचारलं.

"इथे आई आणायची," तो म्हणाला. "मारामारी बंद व्हावी म्हणून चिंधी बांधायची."

मी माझा रुमाल बांधला. "काय मागितलंस?" "तुझ्या भावाला अक्कल." तो इतका हसला की झाडावरचे कावळे उडाले.

दुसऱ्या दिवशी त्याला वळणावर गाडीत बसवून बजावलं, काही झालं तरी उतरायचं नाही. मग मी भावाच्या घरी गेलो. तीच मान, तीच मूठ. त्याने चहा दिला. मी शेताला नावं ठेवली. पाणी साचतं, दगड फार, वारा फार. तो चिडला, मी चढलो, त्याने टेबलावर थाप मारली, मीही मारली. अडलं तेव्हा मी कोट चढवला आणि निघालो. सावकाश. घाईने चाललं की समोरच्याला ते खरंच वाटतं.

फाटकापाशी पोचलो आणि मागे दार वाजलं.

"डॉक्टर! अहो डॉक्टर! या, बसून बोलू!"

हाक आली. शेत आमचं झालं होतं. आणि त्याच क्षणी हा दगडी बांधावरून उडी मारून माझ्या अंगावर आला. मला जाताना पाहून त्याचा धीर सुटला होता. "सोडून आलास?" म्हणत त्याने माझ्या तोंडावर अशी ठेवून दिली की ओठ फुटला. दारातून भावाने त्याला ओळखलं. तो फावडं घेऊन धावला. मग मी जे पाहिलं ते माणसांचं भांडण नव्हतं. फावड्याचा दांडा पाठीवर मोडला, कुत्रं केकाटत पळालं, दोघे चिखलात एकमेकांचे कान ओरबाडत होते. मी मध्ये पडलो, लाथा खाल्ल्या. शेवटी भाऊ फाटकाला धरून उभा राहिला, रक्त थुंकला आणि म्हणाला, "आता फुकट देईन. ज्याला कुत्रं विचारणार नाही, त्याला देईन."

गाडीत माझं डोकं फिरलेलं होतं. मी ओरडलो, "त्याने हाक मारली होती! माझ्या कानांनी ऐकली! आणखी थोडा वेळ बसून राहिला असतास, तर ती जमीन तुझी होती!"

त्याने गाडी थांबवली. मी दाराची कडी पकडली. म्हटलं, आता हा मला संपवतो.

"काय म्हणाला तो?"

"बसून बोलू म्हणाला."

"बसून?"

"हो."

त्याने शर्टाची बाही ओढून माझ्या ओठावरचं रक्त पुसलं. नीट, हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. मग गाडी सुरू केली. मला बसस्टॉपवर सोडलं आणि आमच्या बाजारातल्या अरबीत म्हणाला, "यल्ला, चल, जा तू." तो परत बहरीनला आलाच नाही. जनाबियाचं घर त्याच्या कंपनीने रिकामं केलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या वर्कशॉपमधला एक जण दुकानात आला. त्याच्याकडून कळलं की शेत शेजाऱ्याने घेतलं आणि तिथे झाडं लावली. आणि हा त्या शेजाऱ्याकडे मजुरीला आहे, त्याच शेतात चर खणतो.

"भांडत नाही का कोणाशी?" मी विचारलं.

"नाही. मालक सांगेल ते करतो. देईल ते घेतो."

मी त्याला म्हटलं, तू खोटारडा आहेस. तो म्हणाला, डोळ्यांनी पाहून आलोय. मी हाताला लागला तो तागा त्याच्या अंगावर फेकला, कॉलर धरून त्याला गल्लीत ढकललं आणि भर बाजाराच्या वेळी शटर खाली ओढलं.