आबांना भेटण्याचा टास्क

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या चटईच्या कारखान्यात कतरण जमते तसे ते जमतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी लूम सुरू झाले की कोपऱ्यात पुन्हा ढीग! त्यात ऑफिसात ते टास्कचं सॉफ्टवेअर आल्यापासून तर विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एकेक किस्सा निघतो, हसून हसून ठसका लागतो, आणि डब्याला झाकण लावताना सगळे गप्प होतात. असं का होतं ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत. मी दिलीप, डिस्पॅच बघतो. कुठलं बंडल कुठल्या गाडीत, एवढंच माझं आयुष्य. कारखाना उभा केला आबांनी, आता चालवतात त्यांचे चिरंजीव शेखरभाऊ. आबांच्या काळी सॉफ्टवेअर म्हणजे आबांची सकाळची फेरी. ते शेडमध्ये शिरले की कोणता लूम का बंद आहे हे त्यांना चार शिव्यांत कळायचं आणि आम्हालाही कळायचं.

शेखरभाऊ पुण्याला वेळेच्या नियोजनाचं शिबिर करून आले आणि येताना मोबाइलमध्ये हे प्रकरण घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. वेळ कसा वाचवायचा हे समजावून सांगायला दिवस मावळला. धुळ्याच्या गोडाऊनची गाडी गेटवर उभी ती उभीच राहिली, कारण भरणारे सगळे आत वेळ वाचवायला शिकत होते.

आमचे फिटर शरीफभाई सगळ्यात मागे बसले होते. शेखरभाऊंनी विचारलं, काही शंका? शरीफभाई उठून म्हणाले, "भाऊ, काम करायचं का काम केल्याचं लिहायचं, एक काय ते सांगा. दोन्ही करायला दिवस पुरायचा नाही."

शेखरभाऊ खूश होऊन म्हणाले, "चांगला मुद्दा आहे. टास्कमध्ये टाका."

हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर किती वेळा ऐकलं त्याला हिशेब नाही.

*

पहिली टिप होती, मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे करा. शरीफभाईंनी ती मनावर घेतली. एक लूम बंद पडला तेव्हा त्यांनी तुकडे केले ते असे: पेटी आणणे. पाना शोधणे. पाना सापडला नाही. पाना कोणी नेला ते विचारणे. चहा घेणे. पुन्हा शोधणे.

प्रत्येक तुकड्याला ऑफिसातल्या पल्लवी मॅडमची मंजुरी लागायची. पल्लवी पोरगी गुणाची, पण त्या दिवशी ती बँकेत गेली होती. 'पाना शोधणे' मंजूर व्हायची वाट बघत शरीफभाई हातात पाना घेऊन स्टुलावर बसून राहिले!

महिनाअखेरीला सगळ्यात जास्त टास्क पूर्ण करणाऱ्याला बक्षीस होतं. ते मिळालं आमच्या वॉचमनला. गेट उघडणे एक टास्क, गेट लावणे दुसरा टास्क. दिवसभर तो माणूस टिक करत होता. शेखरभाऊंनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वॉचमनने ते गेटवर लावलं आणि ते दुसऱ्याच आठवड्यात बंद पडलं. दुरुस्तीचा टास्क शरीफभाईंकडे आहे. मंजुरी यायची आहे.

*

दुसरी टिप मात्र माझ्या नशिबी आली. 'जे काम दुसऱ्याला जमतं, ते स्वतः करू नका. सोपवा.'

आबा धरणगावला राहतात. बायको गेल्यावर त्यांनी जळगावचा फ्लॅट सोडला आणि गावातल्या घरी जाऊन राहिले. सोबत त्यांची विधवा बहीण, सुमनअक्का. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, "बठ्ठं देखी लिधं, आते काय देखनं?" सगळं बघून झालं म्हणे. शेखरभाऊ दर रविवारी जायचे. मग दर महिन्याला. मग सणावाराला.

एका सोमवारी माझा फोन वाजला. नवीन टास्क. 'आबांना भेटणे. दर रविवारी. सोपवले: दिलीप.'

मला वाटलं, चुकून आला. केबिनमध्ये जाऊन विचारलं. शेखरभाऊ म्हणाले, "दिलीपभाऊ, तुमचं सासर तिकडेच ना? जाता येता होऊन जाईल."

सासर एरंडोलला आहे. पण मालकाला भूगोल कोण शिकवणार?

टास्कच्या आत आणखी चौकोन होते. औषधं दिली. तब्येत विचारली. काही हवं-नको विचारलं. फोटो टाकला. हा फोटो म्हणजे तिसरी टिप. पुरावा जोडला की पुन्हा कोणी विचारत नाही आणि वेळ वाचतो.

पहिल्या रविवारी गेलो. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. माझ्या चपलेच्या आवाजावरूनच म्हणाले, "दिलीप का? शेखर नही उना?"

मी म्हणालो, काम आहे त्यांना. आबांनी मान हलवली. चहा झाला, गप्पा झाल्या. जाताना मी अवघडत फोटोचं सांगितलं. आबांनी का म्हणून विचारलं नाही. टोपी सरळ केली, ताठ बसले आणि म्हणाले, "काढ. मालक चिडी तुन्हावर."

मालक म्हणताना ते हसले. मला नाही हसता आलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चपलेचा आवाज, शेखर नही उना, चहा, टोपी, फोटो. फोटोखाली शेखरभाऊंचा अंगठा यायचा. तोही आपोआप येतो असं पल्लवीने मला नंतर सांगितलं. ते तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

*

मधे एक हायवेचा किस्सा सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

शेखरभाऊंनी चौथी टिप काढली, फोनचे आवाज बंद ठेवा, लक्ष कामात राहतं. आम्ही सगळ्यांनी आज्ञाधारकपणे बंद केले. त्याच दिवशी चटयांची गाडी हायवेवर टायर फुटून उभी राहिली. ड्रायव्हरला ताकीद होती, फोन करायचा नाही, टास्क टाकायचा. त्याने टाकला. लाल रंगाचा, अर्जंट. मग ढाब्यावर जाऊन निवांत बसला.

इकडे आम्ही सगळे लक्ष देऊन काम करत होतो. दुपारी धुळ्याहून गोडाऊनवाल्याचा साध्या लँडलाइनवर फोन आला की माल कुठे आहे. तेव्हा कुठे शोधाशोध सुरू झाली. शेखरभाऊंनी केबिनमधून 'सगळ्यांनी ताबडतोब या' असा टास्क टाकला. कोणीच गेलं नाही, कारण आवाज बंद! शेवटी ते स्वतः दार उघडून बाहेर आले आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना म्हणाले, मेसेज बघितला नाही का?

ड्रायव्हर संध्याकाळी परत आला. त्याला झापायला घेतलं तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी माझ्याकडून काम पूर्ण केलं होतं." आणि टिक दाखवली.

आम्ही हसलो खूप. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हायवेवरच्या माणसाची हाक पोचायला सकाळची दुपार झाली. ओट्यावरच्या माणसाचं काय होणार?

*

थंडी पडली. खानदेशात थंडी म्हणजे भरीत. काड्यांवर वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. आबांच्या काळी पहिल्या थंडीत कारखान्याच्या मागे भरीत पार्टी व्हायची आणि शाळकरी शेखरभाऊ वांगी भाजताना हात काळे करून घ्यायचे. मी बघितलंय ते.

एका रविवारी आबा म्हणाले, शेखर तुमच्या त्या फोनातलं सगळं बघतो ना? मग मलाही त्यात घाल.

मी त्यांना त्यात घेतलं. आबांनी सांगितलं, मी टाइप केलं. "शेखर, एकदाव धरणगावले ये. भरीत खाई जाय." तारीख टाकल्याशिवाय पुढे जाईना. आबा म्हणाले, त्याला जमेल तेव्हा. ते सॉफ्टवेअरला चालत नव्हतं. मी पुढच्या रविवारची तारीख टाकली आणि पाठवलं.

माझ्याच खिशातला फोन वाजला.

काढून बघितलं. 'नवीन टास्क. सोपवले: दिलीप.' शेखरभाऊंनी वेळ वाचवायला नियमच करून ठेवला होता, ज्या टास्कमध्ये धरणगाव असेल तो परस्पर माझ्याकडे.

आबांनी विचारलं, "गया का?"

मी म्हणालो, "वाजला, आबा."

सोमवारी मी तडक केबिनमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मालकासमोर आवाज चढवला. म्हणालो, म्हातारा माणूस वाट बघतोय, भरीत खायला बोलावलंय, एकदा जाऊन या. शेखरभाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा खरंच पडला. ते अगदी मनापासून म्हणाले, "दिलीपभाऊ, तोंडी काही सांगू नका हो. मी विसरतो. टास्कमध्ये टाका."

*

हा शेवटचा. हा आम्ही डबे संपल्यावर सांगतो.

युक्ती शरीफभाईंची. ते आबांच्या हाताखाली पोटापाण्याचं काम शिकले होते, त्यामुळे त्यांना माझ्याहून जास्त लागलं होतं. म्हणाले, "दिलीपभाऊ, बाप के वास्ते टाइम नहीं, पार्टी के वास्ते तो है ना?"

पार्टी म्हणजे धंद्यातलं गिऱ्हाईक. पल्लवीला हाताशी धरलं. तिने टास्क टाकला, लाल रंगात: 'मोठी जुनी पार्टी. मालकांनी स्वतः यावं असा आग्रह. दुसरा कोणी चालणार नाही.' गावाचं नाव मुद्दाम घातलं नाही, नाहीतर पुन्हा माझ्याच खिशात वाजला असता. शेखरभाऊंनी लगेच मान्य केला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीत नवीन डिझाइनच्या चटयांचे नमुने ठेवून तयार! मी रस्ता दाखवायला शेजारी.

पाळधी गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, पार्टी कोण? मी म्हणालो, तुमच्या वडिलांच्या वेळची आहे. धरणगावची पाटी आली तेव्हा त्यांनी गाडीचा वेग कमी केला. गाडी ओळखीच्या गल्लीकडे वळायला लागली तेव्हा त्यांनी फोन खिशात ठेवला. मला वाटलं, चिडतील, गाडी परत फिरवतील. पण त्यांनी घरासमोर गाडी लावली आणि नकळत चटईचा एक नमुना हातात घेतला. मग म्हणाले, "चला."

अंगणात वांगी भाजल्याचा वास सुटला होता. सुमनअक्का शेखरभाऊंना बघून दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. मी आपला सवयीने पुढे, ते माझ्या मागे. आबा खाटेवर होते. चपलेचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे हात केला.

"उना का शेखर? ये. बठ."

मी जागीच थांबलो. मागे वळून बघायची माझी हिंमत होईना. म्हणालो, आबा, मी दिलीप. शेखरभाऊ माझ्या मागे आहेत.

आबांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि त्या धूसर डोळ्यांनी उभ्या असलेल्या शेखरभाऊंकडे बराच वेळ बघितलं. मला विचारलं, "हाऊ कोन शे? तुन्हा हापिसना मानूस का?"

शेखरभाऊ म्हणाले, "आबा." हातात चटईचा नमुना तसाच होता.

आबांनी टोपी सरळ केली. खाटेवर ताठ बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, तोंड त्यांच्याकडे केलं.

"फोटो काढी ले रे भाऊ," ते म्हणाले, "नि जाय. तुले काम व्हई."