साडू आणि दोन मीटरचं अंतर

जर्मनी हा देश जर्मन लोकांना नीट चालवता येत नाही, असं मनापासून मानणारा पृथ्वीच्या पाठीवरचा एकमेव माणूस म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीकडचे, मग पुण्याचे, आणि गेली एकोणीस वर्षं वोल्फ्सबुर्गचे. ते आले तेव्हा इथले लोक शिस्तीचे होते, नंतर बिघडले, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या बिघाडाला आळा घालण्याचं काम आपल्यावर येऊन पडलंय अशा चेहऱ्यानं ते रोज सकाळी घराबाहेर पडतात. दह्याची डबी टाकायची तर डबी वेगळी, झाकण वेगळं आणि भोवतीचा पुठ्ठा सोलून तिसऱ्या डब्यात. डबी अख्खीच्या अख्खी टाकणाऱ्याकडं ते असे बघतात, की आपल्याकडं चपला घालून देवघरात शिरणाऱ्याकडंसुद्धा कोणी बघत नसेल. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं ब्रेड आणायला निघालो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिग्नलचा माणूस लाल होता आणि साडू थांबले होते.

"चला हो, कोणी नाहीये," मी म्हणालो.

"लाल आहे."

"पण बघायला तरी कोण आहे?"

"मी आहे," ते म्हणाले.

त्यांच्या इमारतीत खाली सूचनांचा फळा आहे. तिथं साडू दर शनिवारी शुद्ध जर्मनमध्ये एक चिठ्ठी लावतात: 'उद्या दुपारी बारा ते साडेबारा आमच्या घरातून मोहरी व हिंगाच्या फोडणीचा वास येईल. होणाऱ्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई तक्रार घेऊन आल्या. आजीबाई म्हणाल्या, "चिठ्ठीत साडेबारापर्यंत लिहिलंय आणि वास पाऊण वाजता आला. मी खिडकी उघडून बसले होते." त्या दिवसापासून आजीबाईंची आमटीची वाटी ठरलेली आहे, आणि साडू फोडणी घड्याळ लावून करायला लावतात.

त्यांची नोकरीही त्यांना शोभणारी आहे. गाड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात ते गाडीच्या आतली कुरकूर शोधतात. नवी गाडी चालताना कुठलं प्लास्टिक कुठल्या प्लास्टिकला घासतंय हे ते नुसतं मान वाकडी करून सांगतात. आमच्याकडं जेवायला आले की पहिल्या घासाच्या आत त्यांची मान वाकडी होते. "तुमच्या फ्रिजचा मागचा पाय आखूड आहे," ते म्हणतात, आणि पुठ्ठ्याची घडी घेऊन फ्रिजमागं नाहीसे होतात. माझी बायको म्हणते, भाऊजींना गाडीतली कुरकूर ऐकू येते, ताईची मात्र येत नाही. पण ते काही खरं नव्हतं.

कारण ताईंनी पन्नाशीला काय हवं ते एकदाच आणि हळू आवाजात सांगितलं होतं. "मला दागिना नको, पार्टी नको. जिथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत ना, ती बेटं मला बघायची आहेत." म्हणजे गालापागोस. एक्वाडोर देशापासून समुद्रात हजार किलोमीटर आत, ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. तिथं लहान बोटीवर आठ दिवस राहायचं, रोज वेगळ्या बेटावर उतरायचं आणि गाइडबरोबर प्राणी बघायचे. मग महिन्याभरानं एका संध्याकाळी साडूंचा मला फोन आला. आवाज दबका. "साडूभाऊ, तुम्हाला पोहता येतं का हो?"

मला येतं, पण कानाचं ऑपरेशन झाल्यापासून पाण्यात जायची बंदी आहे. त्यांना येतच नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या मुलीलाही ठाऊक नव्हती. ती सतरा वर्षांची, इथंच वाढलेली, माशासारखी पोहणारी. बुडणाऱ्याला वाचवायची परीक्षासुद्धा पास झालेली. ती पाच वर्षांची असल्यापासून साडू तिला पोहायला नेत आणि स्वतः काचेपलीकडं बाकावर बसत. पालकांनी बाहेरच थांबायचं असा नियम आहे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. बारा वर्षं तिनं त्यावर विश्वास ठेवला. आपला बाप नियमाबद्दल खोटं बोलेल हे त्या पोरीच्या डोक्यात तरी कसं यावं?

साडूंनी गुपचूप मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्ग बुधवारी सकाळी, कामाच्या आधी. पाण्यात माणूस का तरंगतो याच्या त्यांनी सुवाच्य नोट्स काढल्या आणि प्लास्टिकमध्ये घालून तलावाच्या काठावर ठेवल्या. शिकवणारी बाई जेमतेम पंचविशीची, पण आवाज सुभेदाराचा. "लोसलासेन!" ती ओरडायची. म्हणजे सोडा, काठ सोडा. साडू बाकी सगळं करायचे, फक्त काठ सोडायचे नाहीत. दहा आठवड्यांनी त्यांनी मला प्रगती बघायला बोलावलं. त्यांनी माझ्यासमोर पंचवीस मीटर अंतर एका हातानं काठ धरून पार केलं. बाहेर येऊन म्हणाले, "तत्त्वतः येतंय." बाईंनी माझ्याकडं बघून नुसते खांदे उडवले.

तर अशा तयारीनिशी आम्ही पाच जण निघालो: साडू, ताई, त्यांची मुलगी, माझी बायको आणि मी. बेटांच्या विमानतळावर एक फॉर्म होता. परकं बियाणं तिथं रुजू नये म्हणून जवळ असतील त्या बिया जाहीर करायच्या होत्या. माझ्या बायकोनं आठ दिवसांची सोय म्हणून एक छोटा मसाल्याचा डबा आणला होता. आम्ही रांगेत असतानाच साडूंनी तो तिच्या पिशवीतून काढला आणि अधिकाऱ्यापुढं ठेवून एकेक वाटी दाखवत सांगितलं, "मोहरी. जिरे. मेथी. ही तर हमखास उगवते." अधिकाऱ्यानं कंटाळून डबा ठेवून घेतला. माझी बायको पुढं दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

साडूंना मात्र त्या बेटांवर स्वर्ग सापडला. आमची गाइड तिथंच जन्मलेली, चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. पहिल्याच संध्याकाळी तिनं बोटीच्या डेकवर नियम सांगायला सुरुवात केली. पायवाट सोडायची नाही. दगड उचलायचा नाही. एका बेटाची वाळू दुसऱ्या बेटावर न्यायची नाही, म्हणून पाय धुवायचे. प्राण्यापासून दोन मीटर अंतर ठेवायचं. साडू पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते. मधेच माझ्या कानाशी लागले, "ही बाई आपल्या वोल्फ्सबुर्गच्या नगरपालिकेत पाहिजे होती हो." त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या बुटांचे तळवे त्यांनी जुन्या टूथब्रशनं घासायला घेतले. शिवाय केबिनच्या दाराची कुरकूर त्यांनी कागदाच्या घडीनं बंद केली. मग कप्तानानं त्यांना इंजिनापर्यंत सगळीकडं फिरवलं, आणि ते काजळी लागलेल्या शर्टानं, तृप्त होऊन जेवायला आले.

अडचण एवढीच, की दोन मीटरचा नियम प्राण्यांना कोणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी काळ्या लाव्हाच्या किनाऱ्यावर उतरलो. समुद्रात पोहून आलेले काळे सरडे उन्हात एकमेकांच्या अंगावर पडून नाकातून मीठ शिंकत होते. निळ्या पायांचा एक पक्षी मादीसमोर एकेक पाय उचलून दाखवत होता. ताई तर तोंडावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. तेवढ्यात समुद्रसिंहाचं एक पिल्लू, मोठ्या डोळ्यांचं, ओलं, घसटत घसटत थेट साडूंकडं आलं. साडू दोन मीटर मागं सरले. ते पुढं आलं. साडू आणखी मागं. असं करत ते एका खडकाजवळ पोचले आणि पाहतात तो खडकापलीकडून पिल्लाची आई मान वर करून बघतेय. आता पुढच्यापासून दोन मीटर राखावेत तर मागचीपासून एकच उरत होता. साडू बोटांनी अंतर मोजत अर्धं पाऊल इकडं, अर्धं पाऊल तिकडं करत राहिले. शेवटी पिल्लानं त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

"मी काही करत नाहीये!" साडू दोन्ही हात वर करून गाइडला ओरडले. "नियम तो मोडतोय!"

गाइड म्हणाली, "तो इथला रहिवासी आहे. त्याला परवानगी आहे. तुम्ही हलू नका."

साडू वीस मिनिटं हलले नाहीत. त्यांच्या मुलीनं फोटो काढले. ती हसत होती, आणि बापाकडं बघून ती अशी हसलेली मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. घरी त्यांचं बोलणं म्हणजे साडूंनी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये दोन शब्दांत उत्तर देऊन दार लावून घ्यायचं. पुढच्या वर्षी शाळा संपली की ती दूर शिकायला जाणार होती. ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "ती घरातून जायच्या आत या दोघांचं काहीतरी बोलणं व्हायला हवं हो."

रोज दुपारी मंडळी रबराच्या होडीतून जाऊन नळी-चष्मा लावून पाण्यात उतरत. माझ्या कानामुळं मी होडीत राही. साडूही राहत. "इथनं छान दिसतंय," म्हणत. मुलीनं दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारायचं सोडलं. चौथ्या दिवशी होडीत आम्ही दोघं आणि होडीवाला. बाकीचे लांब पाण्यावर तरंगत होते. साडू त्यांच्याकडं बघत एकदम बोलायला लागले.

"सात वर्षांचा होतो. गावच्या विहिरीत काकांनी पोहायला शिकवायला नेलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि दिलं ढकलून. गाठ सैल होती. डबा वर राहिला, मी खाली गेलो. हिरवं हिरवं दिसत होतं सगळं. वर डबा तरंगताना दिसत होता, साडूभाऊ. केस धरून काढलं मला. काका म्हणाले, असं होतं कधीकधी. कधीकधी म्हणजे काय हो? गाठ नीट बघायला नको?"

इतकी वर्षं ज्या नियमांना मी हसलो होतो, ते सगळे एकदम वेगळे दिसायला लागले. संध्याकाळी मी ते बायकोला सांगितलं. बायको मेथी विसरली आणि तिनं ते भाचीला सांगितलं. सांगू नको असं मी म्हणालो होतो, पण ती म्हणाली, कोणीतरी सांगायलाच हवं.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे पाण्यात उतरले. पाच मिनिटांनी भाची एकटीच पोहत परत आली आणि होडीच्या फुगीर कडेवर कोपर टेकून लोंबकळत राहिली.

"बाबा, कोम," ती म्हणाली. ये.

"नको गं. इथनं दिसतंय मला."

"इथनं काहीच दिसत नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी धरते. मला परीक्षेत नव्वद किलोचा माणूस ओढून आणायला लावला होता. तू त्र्याहत्तर आहेस."

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मी समुद्राकडं बघितलं. भाची होडीत चढली. तिनं त्यांना जाकीट घातलं, पट्टे एकेक करून आवळले, चष्मा बसवला. सवयीनं त्यांचा हात पट्ट्याकडं गेला. "मी तपासलेत," ती म्हणाली. हात तिथंच थांबला, आणि खाली आला. मग त्यांनी होडीच्या कडेवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले, आणि एवढा मोठा माणूस तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणायला लागला. ती आधी उतरली. ते उतरले. एका हातानं त्यांनी तिचा हात धरला होता, दुसऱ्यानं होडीचा दोर. बराच वेळ दोर सुटला नाही. ती घाई करत नव्हती. होडीवाल्यानंही इंजिन बंदच ठेवलं होतं. मग कधीतरी मी पाहिलं, दोर नुसताच पाण्यावर हलत होता.

ते दोघं हातात हात धरून, पालथे, तोंडं पाण्यात घालून तरंगत होते. तोंडात नळी असल्यामुळं मराठीही बोलता येत नव्हतं आणि जर्मनही. ती बोटानं दाखवी, ते मान हलवीत. एक मोठं कासव त्यांच्या खालून सावकाश, पंख हलवल्यासारखं गेलं, आणि साडूंच्या नळीतून हत्तीसारखा आवाज आला. सहा-सात मिनिटं झाली असतील. वर ओढून घेतलं तेव्हा ओठ निळे, चष्म्याचे वळ गालांवर, आणि डोळ्यांत पाणी; समुद्राचं की कुठलं, मी विचारलं नाही.

"अजिबात घाबरत नाहीत हो ते!" ते ओरडून म्हणाले. "अजिबात नाही!"

ताई तोवर बोटीच्या दुसऱ्या रबरी होडीत चढल्या होत्या. त्यांनी लांबून हात हलवला, मग पाठ फिरवून चेहरा टॉवेलात घातला.

त्या संध्याकाळी डेकवर बाप-लेक एका टॉवेलात बसले होते. तिनं जर्मनमध्ये विचारलं, विहीर किती खोल होती? साडूंनी मराठीत सांगितलं. काका आहेत का अजून? तुझी आजी रागावली का? गावातली मुलं आता कुठं शिकतात पोहायला? ती जर्मनमध्ये विचारत होती, ते मराठीत सांगत होते आणि मधे कोणी दुभाषा लागत नव्हता. जेवणाची घंटा झाली तरी दोघं उठले नाहीत. वेळेवर जेवायला न आलेले साडू मी आयुष्यात प्रथमच पाहिले.

याला आता दोन वर्षं होतील. भाची उत्तरेला समुद्रकाठच्या गावी शिकते. रविवारी तिचा फोन येतो आणि तो चांगला तासभर चालतो, असं ताई सांगतात. साडूंना आता काठ न धरता पन्नास मीटर जाता येतं. पोहण्यात डौल नाही, पण पोचतात. आणि परवाच कळलं, त्यांचं काम दक्षिणेला, नेकारसुल्म गावच्या कारखान्यात हलणार. पुढच्या महिन्यात ते दोघं जाणार. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, हे खरं का म्हणून. सामान बांधायला मी गेलो होतो, तर साडू भिंतीवरची खिळ्यांची भोकं पांढऱ्या लांबीनं इतकी बारकाईनं भरत होते, की तिथं कोणी एकोणीस वर्षं राहून गेलं हे घरमालकालाही कळू नये. मी म्हणालो, "नेकारसुल्मला काही तुमच्यासारखी मंडळी नसणार." ते म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर. म्हणूनच जायला हवं." मग लांबीचा डबा खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही येत जा हो. पाच तासांचा तर रस्ता आहे."

जाईन मी. पण इकडं वोल्फ्सबुर्गला माझं काय होणार, हे मला कळत नाही. भाऊ एकटा असला तरी भाऊच राहतो, काका काकाच राहतो. साडू मात्र जोडीनंच असावे लागतात. एकट्या माणसाला साडू होता येत नाही.