निर्णयास्तव सादर

मोखाड्याच्या पंचायत समितीत उमेश आस्थापनेचा कारकून. कोण कधी निवृत्त होणार, हे त्याला तोंडपाठ. घरी मात्र हातात सोल्डरिंग गन आली की तो स्वतःला इंजिनिअरच समजायचा.

थोरली बहीण जयवंतीताई जामसरच्या शाळेत शिक्षिका. संधिवाताने तिची बोटं वाकडी झालेली. प्रगतिपत्रकांतले तेच ते शेरे टाइप करताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिवाळीत ती म्हणाली, "एक बटण दाबलं का अख्खं वाक्य उमटंल, असं काय करता येल का रं?"

"आठ दिवसांत!" उमेश म्हणाला.

बटण यूएसबीला जोडायचं आणि संगणकाला तो कीबोर्ड वाटला पाहिजे, एवढंच काम. पण त्यात छोटा सर्किट बोर्ड कोणता घालायचा? उमेशने रीतसर टिपणी लिहिली. अर्डुइनो उनो कपाटात होता, पण त्याच्या मुख्य चिपला यूएसबी कळत नाही. प्रो मायक्रोला कळते, वर तयार प्रोग्रॅमही मिळतो. पिको नवा, ताकदवान. तिन्हींचा तुलनात्मक तक्ता झाला, खाली 'निर्णयास्तव सादर'. घरात साहेब कुठून आणणार? उमेशच साहेब झाला आणि हिरव्या शाईने समासात लिहिलं, 'चर्चा करावी'. कोणाशी, ते साहेबांनी लिहिलं नाही.

"प्रो मायक्रो चालतोय ना? मग मागवा की," बायको नीता म्हणाली. हिला प्रक्रिया कळत नाही, असा शेरा त्याने मनातच मारला. होळीपर्यंत तक्त्यात चौथा बोर्ड आला.

शेवटी प्रो मायक्रोच आला. एका संध्याकाळीत काम फत्ते! दोन जूनला उमेश बटणाची डबी घेऊन ऐटीत जामसरला पोचला.

"आता कशाला रं?" ताई म्हणाली. "परवाच रिटायर झालं मी. शाळेला सुट्टी, निरोप उघडल्यावर देतील."

"अगं, तुझी जन्मतारीख एक जून, म्हणजे जूनअखेर..." उमेश सांगू लागला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम तो टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायचा.

ताईने तरी डबी लॅपटॉपला लावली, बटण दाबलं. 'विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक आहे.' तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. पडदा त्या एकाच वाक्याने भरत चालला.

उमेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, पुरे गं," तो म्हणाला.

"थांब रं," ती हसत म्हणाली. "बोटं दुखतच नाहीत."