फट सोडू का टेकवू?

माझी थोरली सून भिंतींना जिप्समचे बोर्ड बसवते. सगळे तिला 'बोर्डवाली' म्हणतात. अंगाने काडी, पण दोघांनी उचलायचा बोर्ड एकटी उभा करते. खाली लाकडाचा तुकडा सारायचा, त्यावर टाच दाबायची, की बोर्ड अलगद वर येतो; मग खटाखट स्क्रू. जमिनीपासून अर्धं बोट फट सोडायची, हा तिचा नेम. काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी पोटात ओल धरून असतं. बोर्ड त्याला टेकला की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा खालून फुगतो. एवढं मलाही कळतं, आणि मी शाळेत फळ्यापेक्षा खिडकीकडेच जास्त बघितलं.

चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिला गोदामातले बोर्ड जमिनीला टेकवायला लावले. फट दिसायला वाईट दिसते म्हणे! बोर्ड फुगले, तेव्हा मालकासमोर बेधडक उलटं बोलला, "या बाईने फट सोडली, तिथून पाणी शिरलं." मग तेच सगळीकडे सांगत सुटला. हिचं काम बंद पडलं. चार वर्षं तिने लोकांचे जिने पुसले. घरी आली की चप्पल अशी आपटायची, जशी त्याच्याच थोबाडात देतेय. मीही रोज शिव्या घालायचे, पण माझ्याजवळच्या शिव्या संपत आल्या होत्या.

मग त्याने स्वतःचं घर बांधायला काढलं. गॅरेजचे बोर्ड राहिले, दुसरे कारागीर मिळेनात. झक मारत त्याने हिलाच निरोप धाडला. ही लगेच "येते" म्हणाली. मीही डबा घेऊन मागोमाग गेले. अशी मजा घरी बसून कोण घालवेल?

गॅरेजात वायरमन होता, रंगारी होता. हिची बदनामी दोघांनीही ऐकलेली. हिने पहिला बोर्ड टाचेवर उचलला आणि खणखणीत विचारलं, "साहेब, फट सोडू का टेकवू?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. 'सोड' म्हणावं तर चार वर्षांचं खोटं उघडं पडतं. रंगारी हातातलं काम थांबवून बघत होता.

"टेकव."

"नक्की? नंतर म्हणाल, बाईने केलं."

"टेकव म्हटलं ना! मला शिकवतेस?"

"ऐकलंत ना, दादा?"

वायरमन हसला. "अख्ख्या गल्लीने ऐकलं, वहिनी."

परतताना मी म्हटलं, "अगं, आपल्याच हाताने आपलं काम नासवायचं?"

"हात कचरला, आई. पण गेल्या खेपेलाही मी त्याचं ऐकलंच होतं."

त्याचा जावई गाडी गॅरेजातच धुवायचा. दार उघडं दिसलं की ही जाता-येता डोकावायची.

"चढली का गं ओल?"

"वीतभर!"

एवढा आनंद तिला पोराच्या पहिल्या दाताचाही झाला नव्हता.

दीड महिन्याने ठेकेदार आमच्या दारात उभा. "बाई, बोर्ड खालून फुगलेत. कापून नीट करून दे."

"करते. आधी त्या वायरमनला नि रंगाऱ्याला बोलवा, गोदामाच्या मालकालाही. तिथले बोर्ड कोणी टेकवायला लावले, ते सांगा. मग करवत उचलते."

"झालं गेलं विसर की."

"चार वर्षं जिने मी पुसलेत. तुम्ही नाही."

दुसऱ्या सकाळी तो गॅरेजात सगळ्यांसमोर पुटपुटला, "मीच सांगितलं होतं."

"जरा मोठ्याने," मी मागून म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

त्याने मोठ्याने सांगितलं. गोदामाच्या मालकाने माझ्या सुनेची माफी मागितली आणि नवीन कामाला कधी येशील, तेही तिथल्या तिथे विचारलं.

मग हिने करवत काढली, आणि बोर्ड धरायला ठेकेदारालाच बसवलं. थंड काँक्रीटवर गुडघे टेकून. तासाभराने तो कण्हला, "झालं ना आता तुझं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "नीट धरा. अजून तीन भिंती आहेत."