दोन्ही एक्स्चेंजं पाठ असलेल्या अक्का

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अक्का फोन जोडण्याआधीच माणूस घरी आहे की नाही ते सांगत. "डॉक्टर आत्ता सासऱ्यांकडे गेलेत. तिकडेच लावते, सरी? चालेल ना?" बंगळूरच्या बसवनगुडीतल्या रोग्यांना यात गैर वाटत नसे. पुण्याहून नव्याने आलेला कनिष्ठ इंजिनियर मी मात्र नियमावली घेऊन त्यांच्यामागे उभा राहिलो.

"अक्का, ग्राहकांच्या घरची चौकशी करायची नसते."

"मी कुठे करते? निघताना तेच सांगून जातात."

बंगळूरला तेव्हा दोन एक्स्चेंजं होती, आमचं शहराचं आणि पलीकडचं कॅन्टोन्मेंटचं. दोघांत विस्तव जात नसे. "तिकडच्या बायका 'नंबर प्लीज' फार गोड म्हणतात," अक्का सांगत, "नंबर लावायचं तेवढं राहून जातं." तरी कॅन्टोन्मेंटचे सगळे नंबर त्यांनी ईर्षेने पाठ केले होते. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते ठाऊक असावं, हे त्यांचं धोरण.

मग दोन्ही एक्स्चेंजं एक होऊन आपोआप फोन जोडणारं यंत्र येणार असं ठरलं. जास्तीच्या बायकांच्या बदल्या निघाल्या. अक्कांचा रायचूरचा हुकूम मीच टाइप केला. त्यांची आई आंधळी होती. अक्का एवढंच म्हणाल्या, "आईला हे घर हाताने पाठ आहे हो. तिथे सगळ्या भिंती नव्या."

उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी यंत्राला हार घातला आणि पाऊण तास नव्या युगावर भाषण केलं. यंत्राला उठून जाता येत नव्हतं. सगळे नंबर बदलले होते आणि नवी डिरेक्टरी अजून छापखान्यात होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी घरी फोन लावला, तर लाकडाच्या वखारीने विचारलं, "किती गाड्या पाठवू?"

आमच्याकडे यादी होती, पण नंबरांच्या क्रमाने. त्यात नाव शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. तारा तपासताना जुना नंबर, नवा नंबर असा पुकारा अक्कांनी केला होता, त्यातच नवे नंबरही त्यांना पाठ झाले होते. कुठल्या नंबरामागे कोण, हे दोन्हीकडचं ठाऊक असलेलं एकच माणूस कचेरीत होतं, आणि त्याची सोमवारी रायचूरची गाडी होती. आम्ही त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवलं. दुपारपर्यंत शहर पुन्हा बोलू लागलं.

"या बाईंना रायचूरला पाठवायचं कोणाच्या डोक्यातून निघालं?" साहेब गरजले. हुकुमावर सही त्यांचीच होती. मी नम्रपणे बदली रद्दचा हुकूम सहीसाठी पुढे केला.

अक्कांनी तो दोनदा वाचला, कानावरचा हेडफोन माझ्या हातात दिला. "स्वल्प बसा इथे. आईला सांगून येते."

पाळी संपायला अजून दोन तास होते. मी घड्याळाकडे पाठ करून बसलो.